अकरापैकी नऊ चॅनलना कुलूप

१ ऑगस्ट, सकाळी ९.२०
आजपासून कंपनीत नवं सॉफ्टवेअर. कालपर्यंत चौसष्ट माणसांचा फोनवर एकच ग्रुप होता. त्यात ऑर्डरी, रजेचे अर्ज, कुणाच्या सासूचं ऑपरेशन, सगळं एका टोपलीत. अशाने केकची कंपनी चालत नाही. याओ शेठनी मला अ‍ॅडमिन केलं, कारण ट्रेनिंगला पूर्ण दोन तास बसलेला माणूस मीच. बाकीचे भट्टीवर होते. ज्याची त्याची आवड.
चॅनल दोन प्रकारचं. खुलं, म्हणजे सगळ्यांना दिसणारं. आणि बंद, म्हणजे कुलपाचं चिन्ह असलेलं. मी ज्याला आत घेईन त्यालाच दिसणार. कुठलं काम कुठे जाईल ते मी ठरवायचं. एकोणीस वर्षांत या इमारतीत पहिल्यांदाच शिस्त येते आहे.
संकल्प: १७ सप्टेंबरला पौर्णिमेचा, घरोघरी मूनकेक वाटायचा सण; तोपर्यंत एकही फालतू मेसेज नाही.

२ ऑगस्ट
अकरा चॅनल तयार. नऊंना कुलूप. खुली दोनच: 'सर्वांसाठी' आणि 'दुपारचे डबे'. डब्यांचंही बंद करणार होतो, पण मग डबे मागवणार कोण, हा मुद्दा निघाला.
लुओ आ-छिन लगेच आडवी आली. भट्टीची मुख्य. एकतीस वर्षं इथे आहे म्हणून सगळे तिला ताई म्हणतात. मला असिस्टंट मॅनेजर होऊन चार वर्षं झाली तरी ती 'ए वेंग' म्हणते. सगळ्यांसमोर विचारलं, ऑर्डरी कुलपात ठेवल्यास तर मला कळणार कशा. मी शांतपणे सांगितलं, छापील यादी खाली येईल, त्यात नग लिहिलेले असतील. म्हणाली, नग भट्टीला लागतात रे, मला खाणारी तोंडं माहीत लागतात. लोक हसले. लोक कशालाही हसतात.

५ ऑगस्ट
सर्वांत महत्त्वाचं चॅनल: 'खास ऑर्डर'. बंद. आत तिघेच. मी, सेल्सचे शाओ आणि शेठ. शेठनी अजून उघडलेलं नाही, तसं दिसतं. म्हणजे माझ्यावर पूर्ण भरवसा.

६ ऑगस्ट
'सर्वांसाठी' म्यूट केलं. नुसता मासळीबाजार. न वाचलेल्यांचा आकडा कोपऱ्यात ४३. बघायचं नाही म्हणजे नाही. संयम.

९ ऑगस्ट, दुपारी ३
मोठी ऑर्डर. डोंगरावरच्या भिक्षुणींच्या विहाराकडून बाराशे पेट्या, मुगाच्या सारणाचे मूनकेक, शाकाहारी. १२ सप्टेंबरला पोचत्या करायच्या. शाओनी विहाराचं पत्र 'खास ऑर्डर'मध्ये टाकलं. दोन पानं, जुन्या वळणाची भाषा. पहिलं पान वाचलं. दुसऱ्यावर बारीकसारीक दिसतंय. शाकाहारी म्हणजे काय ते मला भिक्षुणींनी शिकवायला नको. अंगठा दिला, खाली यादी पाठवली: 'मूग, शाकाहारी, १२०० पेट्या'. अर्ध्या ओळीत काम. आधी याच गोष्टीवर चाळीस मेसेज झाले असते.

१० ऑगस्ट
लुओ आ-छिन जिना चढून वर आली. हाताला पीठ. विचारत होती की शाकाहारी म्हणजे कुठलं. आपलं दुकानातलं शाकाहारी, की विहाराचं. मी तिला मध्येच थांबवलं. प्रश्न तोंडी चालणार नाहीत, चॅनलवर टाका, तिथे नोंद राहते. म्हणाली, टाकते. गेली. माझ्या टेबलावर पिठाची पाच बोटं.

१३ ऑगस्ट
'खास ऑर्डर'मध्ये प्रवेशासाठी लुओ आ-छिनचा अर्ज. नकाराचं बटण मोठं आणि छान आहे. दाबलं.
तासाभरात दुसरा अर्ज. दाबलं.

१६ ऑगस्ट
चांद्र पंचांगातल्या सातव्या महिन्याची पूजा. भटक्या भुतांना अंगणात टेबलं मांडून नैवेद्य. या वर्षी तयारीसाठी वेगळं बंद चॅनल केलं होतं, चारजणांचं. निकाल: चौघांनीही सरबताचे खोके आणले, उदबत्ती एकानेही नाही. शेठ हात जोडून उभे, समोर शंभर बाटल्या. शेवटी लुओ आ-छिन आपल्या स्कूटरच्या डिकीतून उदबत्तीचा पुडा घेऊन आली. डिकीत उदबत्ती ठेवून फिरणारी बाई.
यावरून सिद्ध झालं की लोक चॅनल नीट वाचत नाहीत. चौघांत मीही होतो, पण मी अ‍ॅडमिन. मी बनवतो, वाचत नाही.

२६ ऑगस्ट
शाओ 'खास ऑर्डर'मधून बाहेर पडले. विचारलं तर म्हणाले, चुकून बोट लागलं. परत घेतलं. दुपारी पुन्हा बोट लागलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा म्हणाले, वेंग साहेब, मला काही लागलं तर मी खाली जाऊन विचारतो, तिथे चहाही मिळतो. बावन्न वर्षांचा माणूस, चहासाठी शिस्त मोडतो.
आता आत मी आणि शेठ. शेठ उघडत नाहीत. तरी मी रोज सकाळी अहवाल टाकतो. चर्चेचा दर्जा खूप सुधारला आहे. मतभेद शून्य.

२ सप्टेंबर
'सर्वांसाठी'वरचा आकडा ३२० च्या वर. ३२० वेळा माझं लक्ष विचलित झालं असतं. शेठना सांगायला हवं.

९ सप्टेंबर, सकाळी ११
पकडली.
विहाराचा माल आज भट्टीत. खाली गेलो तर वास नाही. दुकानातल्या शाकाहारी मुगाच्या केकमध्ये तळलेला कांदा असतो, लोणी असतं, वर चकाकीसाठी अंड्याचा हात फिरवलेला असतो. आपली खासियत तीच. कढई कोरडी. लुओ आ-छिनला विचारलं, कांदा कुठे आहे. म्हणाली, घातलेला नाही. म्हणजे मेहनत वाचवली. बाराशे पेट्यांचा कांदा सोलायचा कंटाळा. मी आवाज चढवला. सगळी भट्टी बघत होती. ती हात पुसत म्हणाली, हे लिहून देशील का, सहीनिशी.
का नाही देणार. तिथेच लिहिलं: 'विहाराच्या सर्व पेट्यांत नेहमीप्रमाणे तळलेला कांदा घालणे. हुकमावरून.' सही केली, लाल शिक्काही मारला. तिने घडी घालून एप्रनच्या खिशात ठेवलं. 
एकतीस वर्षांत हिला कागद दाखवणारा पहिला माणूस मी.

१० सप्टेंबर
वातावरणात फरक जाणवतो. जिन्यात पॅकिंगच्या बायका बाजूला झाल्या आणि तोंडावर हात ठेवून उभ्या राहिल्या. धाक. दुपारी माझ्या डब्यात भातावर मूठभर तळलेला कांदा होता. बाकी कुणाच्या डब्यात नव्हता. डबे वाटणाऱ्या बाईंना विचारलं, त्या म्हणाल्या, हुकमावरून. बरं वाटलं. खाल्ला.

११ सप्टेंबर
पुन्हा कांदा. जास्त.
उद्या विहारात शेठबरोबर जाणार. दोन वाक्यं तयार ठेवली आहेत: 'काम योग्य माणसांपुरतं ठेवलं की चूक होत नाही' आणि 'कुलूप म्हणजे अविश्वास नव्हे'. दुसरं गाडीत बोलायचं.

१२ सप्टेंबर, संध्याकाळी ६
विहारात पोचलो तर लुओ आ-छिन आधीच तिथे. स्वयंपाकघरात, बूट काढून मोज्यांवर, मुख्य भिक्षुणींबरोबर चहा पीत. तिची स्कूटर दाराशी.
भिक्षुणींनी पेटी उघडली, एक केक चार तुकडे करून सगळ्यांना दिला. मीही खाल्ला. कांदा नव्हता. लोणी नव्हतं. वरची चकाकी अंड्याची नव्हती.
मी बोलणार तेवढ्यात भिक्षुणी शेठना म्हणाल्या, तुमच्या ताई तीनदा डोंगर चढून आल्या, नमुने घेऊन. चरबीचा वास राहू नये म्हणून आमच्यासाठी नवे ट्रे काढले. इथे दोनशे भिक्षुणी आहेत, काहींनी पन्नास वर्षांत कांदा तोंडात घेतलेला नाही. सगळं पत्रात दुसऱ्या पानावर लिहिलं होतं, पण ताई म्हणाल्या, पत्र त्यांना मिळालंच नाही. मग माझ्याकडे वळून अगदी मऊ आवाजात विचारलं, ते पत्र ज्यांच्याकडे होतं ते तुम्हीच का?
मी सांगितलं, पत्र बंद चॅनलमध्ये सुरक्षित आहे.
भिक्षुणी म्हणाल्या, हो, तसं दिसतंय.
 लुओ आ-छिन बोलली असती तर मला उत्तर देता आलं असतं. तिने माझ्या कपात चहा ओतला, तोही काठोकाठ, उचलता येऊ नये असा. आमच्याकडे असा भरलेला कप म्हणजे पाहुण्याने आता उठावं.
परतीच्या वाटेवर शेठ चाळीस मिनिटं नुसते रस्त्याकडे बघत होते. बहुधा विचार करत असावेत. दुसरं वाक्य बोलायची संधी नव्हती. आमच्या फेंगयुआन शहराचा फाटा आल्यावर एवढंच म्हणाले: वेंग, कुलपं काढ.
कुठली, असं विचारलं.
म्हणाले, सगळी.

१३ सप्टेंबर, सकाळी ८
काढली. एकेका चॅनलवर जाऊन. सणाच्या तोंडावर असा प्रयोग धोक्याचा आहे, अशी नोंद मी इथे करून ठेवतो. ती बाई वरपर्यंत पोचली, एवढाच याचा अर्थ. खाली माझ्याबद्दल महिनाभर काय विष कालवलं असेल ते आता पुराव्यासकट शेठसमोर ठेवतो. 'सर्वांसाठी'चं म्यूट काढलं. ४१२ मेसेज. सगळे वाचणार.

१३ सप्टेंबर, दुपारी १२.३०
वाचले.
भट्टी क्रमांक दोनची कडी. वादळाची सुट्टी मिळणार की नाही. शाओंच्या मुलीचं लग्न, सगळ्यांना बोलावणं. मलाही, नाव घालून. तारीख उलटून गेली. कुणाचे तरी गुडघे. तिळाची गोणी ओली निघाली, ती कुणी बदलून आणली. आणि शेठ. रोज सकाळी साडेसहाला शेठ. 'आज किती ट्रे?' 'ताई, पाठ कशी आहे?' शेठ पहिल्या दिवसापासून इथेच होते.
माझं नाव शोधलं. ४१२ मध्ये सात वेळा. एक लग्नाचं.
१० ऑगस्ट, लुओ आ-छिन: वेंग, विहाराच्या केकमध्ये कांदा चालेल का?
१४ ऑगस्ट: वेंग, कांदा?
२१ ऑगस्ट: वेंग, कांदा आणि लोणी दोन्हीचं सांग, सामान मागवायचंय.
२२ ऑगस्ट: वेंग इथे बघत नाही. शाओकडून विहाराचा नंबर घेतला, मीच जाऊन विचारते. त्याखाली शेठ: गाडी घेऊन जा. त्याखाली ती: स्कूटर बरी.
९ सप्टेंबर: माझ्या हुकमाचा फोटो. शिक्का स्पष्ट आला आहे. खाली तिची एक ओळ: कांदा कुणी घालू नका, वेंगला खायचा असेल तर त्याच्या डब्यात घाला. सत्तावन्न हसरे चेहरे. मोजले. अठ्ठावन्नावं चिन्ह अंगठ्याचं, शेठचं.
सातवं माझं नाव कालचं. डबे वाटणाऱ्या बाई विचारतात, वेंगचा कांदा उद्यापासून बंद करायचा का. ती म्हणते, हो, पुरे.
पुरावा म्हणून शेठना दाखवण्यासारखं यात काही सापडलं नाही.

दुपारी १२.५०
तिचे तीन प्रश्न अजून तसेच उघडे आहेत. अ‍ॅडमिनने प्रश्न उघडा ठेवू नये, हे ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं. पहिल्याखाली लिहिलं: 'चालणार नाही.' दुसऱ्याखाली तेच. तिसऱ्याखाली: 'दोन्ही चालणार नाही.' पाठवलं.
खाली भट्टीवर एकदम चौसष्ट फोन वाजल्यासारखं झालं.
मग तिचं उत्तर आलं: बरं. जेवायला ये, डबा निवतोय.