गार झाल्यावर सुरू होणाऱ्या गाडीबाबत

मी, वय वर्षे बाहत्तर, धंदा मोटार दुरुस्ती, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, चष्मा लावून आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. माझ्या डोक्याबद्दल बायकोचे मत वेगळे आहे, ते जोडलेले नाही.

१. राहते घर आणि बँकेतली ठेव बायकोला, तिच्यामागे दोन्ही मुलींना सारखी. गच्चीच्या दाराची कडी मी उलटी बसवली, हे आता मान्य करतो.

२. सर्व हत्यारे आणि अर्धे गॅरेज थोरल्या मुलीला. तिचा हात माझ्याहून हलका आहे. शेजारच्या रंगाऱ्याने मागितला तरी मोठा स्क्रू ड्रायव्हर देऊ नये. तो त्याने डबे उघडतो.

३. उरलेले अर्धे गॅरेज धाकट्या भावाला. कारण लिहिणे भाग आहे.

धाकटा टॅक्सी चालवायचा. त्याच्या इंजिनाचे काम मीच केले. पेट्रोलची नळी वाकवण्यात माझा हात धरणारा कोणी नव्हता. दिसायला नीट म्हणून मी ती एक्झॉस्टच्या पाइपाला लगटून नेली. मध्ये उष्णता अडवणारा पत्रा होता. तो खडखडायचा, म्हणून काढून टाकला. त्या उन्हाळ्यापासून गाडी भर दुपारी, उतारू बसलेले असताना बंद पडू लागली. नळीतल्या पेट्रोलची वाफ होते आणि पंपाला वाफ ओढता येत नाही. अर्ध्या तासाने सगळे गार झाले की गाडी काही झालेच नाही अशी चालते. मी चालत पोचेपर्यंत तेवढा वेळ गेलेला असायचा. मी चावी फिरवायचो आणि इंजिन पहिल्या फटक्यात सुरू. एकदा स्टँडवर सगळ्या चालकांसमोर मी म्हणालो, "दोष गाडीत नाही, तुझ्या पायात आहे." सगळे हसले. महिन्याभरात त्याने टॅक्सी विकली आणि औषधांच्या गोदामात नोकरी धरली. माझ्याशी बोलणे सोडले.

दोन वर्षांनी तीच टॅक्सी नवा मालक घेऊन आला, तक्रार तीच. बॉनेट उघडले आणि मला माझेच वळण दिसले. नळी लांबून नेली, पत्रा बसवला, गाडी सुधारली. मालकाने पाठ थोपटली आणि मी ती थोपटून घेतली. धाकट्याला सांगितले नाही. एकोणीस वर्षे सांगितले नाही. मला लाज वाटत होती आणि अजून वाटते.

४. थोरलीस सूचना: पेट्रोलची नळी गरम पाइपापासून चार बोटे लांब ठेवावी. पत्रा खडखडला तर आवळावा, काढू नये. वाटेत गाडी अडली तर बॉनेट उघडून पंपावर ओले फडके ठेवावे. गाडी गरम असताना बंद पडते असे कोणी म्हणाले, तर गरम असतानाच जाऊन बघावी. त्याआधी माणसाला नावे ठेवू नयेत.

५. दुरुस्ती. काल हा मसुदा घेऊन धाकट्याकडे गेलो. त्याने दोनदा वाचला.

"पत्रा काढलास?"

"खडखडत होता."

"मला विचारायचंस तरी, दादा. खडखड चालली असती मला." त्याने शेवटचे पान उलटून सह्यांची रिकामी जागा बघितली. मग म्हणाला, "साक्षीदार कोण?"

"रंगारी. दुसरा शोधतोय. तुला वाटा आहे, तुझी सही चालत नाही, असं वकीलबाई म्हणाल्या."

"मग वाटा खोड."

"अरे, अर्धं गॅरेज आहे."

"जागा घेऊन काय करू? तू हे लिहिलंस, त्याच्याखाली माझी सही पाहिजे."

सबब कलम ३ मधला वाटा रद्द, तोही थोरलीला. बाकी मजकूर जसाच्या तसा ठेवावा.

वरील सर्व मी स्वतः लिहिले, दोघांसमोर वाचले आणि सही केली.

स्थळ: गॅरेज, कामाचे टेबल
दिनांक: १९ मे, दुपारी सव्वादोन

लिहून देणार: (सही)

साक्षीदार १: (सही) शेजारी. धंदा: रंगकाम.

साक्षीदार २: (सही) धाकटा भाऊ. धंदा (त्याने स्वतः लिहिला): टॅक्सीचालक.