पहिला हात

परंडा,
ता. ९ मे १९७३

चि. व्यंकट यास,
अक्काचे अनेक आशीर्वाद आणि जयभीम.

तुझं पत्र परवा पोचलं. तिकडं अजून बर्फ पडतो असं लिहिलंस ते शेजारच्या पोरांना वाचून दाखवलं, तर त्यांना खोटं वाटलं. इथं आडात पोहरा सोडला की गाळ वर येतो, आणि तुझ्याकडं आभाळातनं पाणी गोठून पडतं म्हणे. अक्षर मात्र अजून तसंच, कोंबडीचे पाय. पलटणीत बंदूक धरायला शिकवली, टाक धरायला कुणी शिकवलं नाही वाटतं.

शाळेला सुट्टी लागली आहे. तुझे दाजी कुर्डुवाडीच्या गाडीवरच कंडक्टर आहेत. गावात पाझर तलावाचं दुष्काळी काम निघालंय, निम्मं गाव तिथं खडी फोडतं. आणि आपली माय त्या कामावर पाणी वाटायला लागली होती. तुला याचं नवल वाटेल. मलाही वाटलं होतं.

हे सगळं आपल्या बापाचं, तात्यांचं काम. धर्म बदलल्यापासून त्यांनी वस्तीला मेली ढोरं ओढू दिली नाहीत, परंड्याला आपल्या पोरांचं बोर्डिंग काढलं, आणि अर्जावर अर्ज लिहून कचेरीतल्या लोकांना सळो की पळो केलं, हे तुला माहीत आहे. कामावर दोन रांजण होते. आपला वेगळा, बाभळीखाली. तात्यांनी कलेक्टरला लिहिलं, काम एक तर रांजणही एकच पाहिजे, आणि त्यावर आमची बाई पाहिजे. साहेब स्वतः आले, हुकूम झाला, मायच्या हातात पाणी वाढायचं ओगराळं आलं.

पहिले काही दिवस तिच्या हातचं कुणी प्यायलं नाही. ओठ फाटले तरी सावलीला बसून राहायचे. मग लिंगायत गल्लीतला हणमंतप्पा उठला आणि तिच्यापुढं ओंजळ धरून वाकला. "वत माय, तोंडात थुका न्हाय राहिला," म्हणाला. त्याचं बघून दुसरा आला, मग बायका आल्या. तात्या त्या दिवशी घरी येऊन लहान पोरासारखे हसत होते.

हिंमतरावाला ते बघवलं नाही. तो आता सोसायटीचा चेअरमन आहे आणि या कामाचा मुकादमही तोच. त्यानं रांजण लाथेनं फोडला. मग बाचाबाची झाली. तात्यांना लागलंय, त्यामुळं सध्या पत्र ते लिहू शकत नाहीत. मायला मी परंड्याला आणलं आहे. ती ठीक आहे.

फिर्याद नोंदवली. हिंमतराव आणि त्याचे दोन पुतणे आत आहेत.

तू येऊ नको. हे नीट वाच. त्यांच्या माणसांना तू हवाच आहेस. तू एक काठी उचललीस की आपली फिर्याद वाऱ्यावर जाईल आणि दरोड्याची केस आपल्या वस्तीवर होईल. ही केस कोर्टात उभी राहिली पाहिजे. तात्या त्यासाठीच आजवर झिजले. रजा मागू नको, मागितली असशील तर रद्द कर.

तुझी,
अक्का


परंडा,
ता. १ जून १९७३

चि. व्यंकट,
जयभीम.

तुझं पत्र आलं. तात्यांना लिहिता येत नसेल तर अंगठा उमटवून पाठव, म्हणतोस. ज्या माणसानं अंगठे उमटवू नका, सही करायला शिका म्हणून उभा तालुका पायी पालथा घातला, त्याचा अंगठा मागतोस.

तात्या गेले, व्यंकट.

मागचं पत्र लिहिलं तेव्हा त्यांना अग्नी देऊन आठवडा झाला होता. अग्नी मी दिला. तुला तार केली नाही आणि वस्तीतल्या कुणालाही करू दिली नाही. तू मला काय वाटेल ते बोल. मला त्याची लाज वाटत नाही, पुन्हा वेळ आली तर पुन्हा तसंच करीन. तू त्या दिवसांत आला असतास तर गावात आणखी मुडदे पडले असते आणि हिंमतराव साक्षीदार म्हणून कोर्टात मिरवला असता.

काय झालं ते लिहिते. तुला ऐकायचं आहे, मग ऐक.

रांजण फुटला, बाचाबाची झाली. तात्या तिथंच होते, ते मध्ये पडले. पुतण्यांनी दगड फोडायच्या घणानं आधी त्यांचे गुडघे फोडले. ते पडले ते सांडलेल्या पाण्याच्या चिखलात. हिंमतरावानं मानेवर पाय दिला आणि तोंड चिखलात दाबून धरलं. "लई पानी पाजायचं व्हतं न्हवं आमाला? पी आता." थोरला पुतण्या पहार घेऊन आला आणि ती पाठीत घातली. एकदा घालून थांबला नाही. मायला त्यातल्याच कुणीतरी केसांना धरून ठेवलं होतं. तिचं तोंड तिकडंच केलं होतं, तिला दिसावं म्हणून.

कामावर माणूस मावत नव्हतं एवढी गर्दी होती. सगळे नुसते बघत उभे राहिले. आपल्या वस्तीतली माणसं पार पलीकडच्या टोकाला माती टाकत होती, ती धावत आली तोवर तात्यांचे पाय हलायचे थांबले होते.

दवाखान्यात मी त्यांचं तोंड धुतलं. नाकात, दातांच्या फटीत, पापण्यांच्या आत मुरूम होता. किती धुतलं तरी येतच होता. डॉक्टर म्हणाले, जीव पहारीनं गेला की चिखलानं, हे सांगणं अवघड आहे. मी त्यांना म्हटलं, दोन्ही लिहा.

त्या रात्री आपलं घर पेटवलं. आत कुणी नव्हतं. आता वस्तीला दुकान बंद, गिरणी बंद. बनामावशी दळणासाठी डोक्यावर पाटी घेऊन शेजारच्या गावाला चालत जाते, आणि वाटेत पोरं तिच्यावर दगड मारतात. ती पदरात दगड गोळा करून पोलीस पाटलाच्या ओट्यावर नेऊन ओतते. अशी बाई मी बघितली नाही.

तुला वाटतं मला राग येत नाही. मी मास्तरीण झाले म्हणून माझं रक्त पातळ झालं, असं तू लिहिलंस. रोज भाकरी थापताना माझ्या हाताखाली हिंमतरावाचं तोंड असतं, एवढंच सांगते.

पण डोळ्यांनी बघून साक्षीला तयार झालेली दोनच माणसं आहेत. माय, आणि हणमंतप्पा. तो "सांगतो, खरं ते सांगतो" म्हणाला आहे. बाचाबाचीचं तू पुन्हा पुन्हा विचारलंस, कुणी काय केलं म्हणून. ते मी कागदावर उतरवणार नाही. ते विचारू नको. जे सांगायचं ते माय कोर्टात सांगेल.

जेवत जा. डोकं शांत ठेव.

तुझी,
अक्का


परंडा,
ता. १८ नोव्हेंबर १९७४

व्यंकट,

तुझी तार मिळाली. रजा मंजूर, निघालो. इतकंच. त्यामुळं हे पत्र टपालात न टाकता दाजींच्या हाती देते आहे, ते तुला कुर्डुवाडीच्या फलाटावर गाठतील. त्यांच्याशी वाद घालू नको, त्यांना मी शपथ घातली आहे. पत्र तिथंच बाकावर बसून वाच. स्टेशनाबाहेर पडायच्या आधी.

निकाल तुला कुणी कळवला माहीत नाही, पण अर्धाच कळवला असणार. मी सगळं लिहिते.

हणमंतप्पा फिरला. पिंजऱ्यात उभा राहून म्हणाला, "म्या वाकून पानी पीत व्हतो. मान खाली व्हती. काय दिसलं न्हाय." त्याच्या ज्या ओंजळीचं आपण वर्षभर कौतुक केलं, तीच त्यानं आड धरली. बाहेर आला तेव्हा मी त्याच्या वाटेत उभी राहिले. तो रडायला लागला. त्याच्या जावयाला सोसायटीत चिकटवलंय हे मला नंतर कळलं. मला त्याची कीव आली नाही.

मग राहिली माय एकटी.

मथुराबाई म्हणून पुकारा झाला, ती पांढरं लुगडं नेसून उभी राहिली. शपथेला गीता पुढं केली तेव्हा म्हणाली, "ह्याच्यावर न्हाय. सत्याला समोर ठिवून बोलते." कोण कुठं होता, घण कुणाच्या हातात, पहार कुणाच्या हातात, पाय कुणाचा, सगळं सांगितलं. तिघांकडं बोट दाखवलं. आवाज हलला नाही. सरकारी वकील माझ्याकडं बघून मान हलवत होते, छान चाललंय म्हणून.

त्यांच्या वकिलानं एकच विचारलं. "बाई, पहिला हात कुणी उचलला?"

मी तुला जे दीड वर्ष लिहिलं नाही ते हेच. रांजण फुटल्यावर पहिला हात मायनं उचलला. तिनं मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. सरकारी वकिलांनी तिला बजावलं होतं, विचारलंच तर गोंधळ होता, आठवत नाही म्हणा. मायनं त्यांच्याकडं बघितलं. मग माझ्याकडं. मी मान हलवली, नको म्हणून.

"म्या," माय म्हणाली. "ह्यानं रांजनाला लाथ घातली. म्या हातातलं ओगराळं ह्याच्या तोंडावर हाणलं. दोन दात पडले ह्याचे. तिथं उन्हात ओली बाळंतीण बसली व्हती, तिच्या वाट्याचं पानी व्हतं त्ये. परत सांडलं तर परत हाणीन."

त्यांच्या वकिलाला पुढं काही विचारायची गरजच राहिली नाही. तो हसून खाली बसला.

व्यंकट, त्या दिवशी मला हिंमतरावापेक्षा मायचा राग आला. कोर्टाच्या व्हरांड्यात मी तिचा दंड धरून हलवला. म्हटलं, एक शब्द गिळता आला नाही तुला? बाप मारला त्यांनी. ती म्हणाली, "तुझा बाप बोर्डिंगातल्या लेकरांना काय शिकवायचा? आपल्यातला एक कोर्टात खोटं बोलला का उद्या आपल्या समद्यांची खरी साक्ष खोटी. त्यो मेला म्हनून त्ये बी मेलं का?"

मी दंड सोडला.

निकाल असा. रागाच्या भरात, अचानक चिथावणीनं घडलं, म्हणून हिंमतरावाला तीन वर्षं. तो तिथं होता हे त्याच्याच उलट फिर्यादीनं ठरलं, पण पुतण्यांविरुद्ध मायशिवाय कुणी बोललं नाही, म्हणून दोघं सुटले. आणि दात पाडले ही जबर दुखापत ठरते, त्यांची उलट फिर्याद होतीच, म्हणून मायला एक वर्ष. तात्यांच्या जिवाला तीन, दोन दातांना एक.

हिंमतराव अपिलाच्या जामिनावर बाहेर आहे. गावात त्याला हलगी लावून, गुलाल उधळून नेला. आपल्या वस्तीपुढं मिरवणूक मुद्दाम थांबवली आणि थोरल्या पुतण्यानं हातात पहार घेऊन नाच केला. हे तुला कुणीतरी सांगणारच आहे, ते माझ्याकडून ऐक. मायलाही जामीन मिळत होता. तिनं घेतला नाही. "हाणलं म्या, भोगते म्या. त्यानं जामिनामागं तोंड लपिवलं, म्या न्हाय लपवनार," म्हणाली आणि पोलिसाच्या मागं चालायला लागली.

मी कागद घेऊन मुंबईच्या वकिलांकडं गेले होते. तात्यांना ओळखणारे आहेत. त्यांनी सगळं वाचलं आणि म्हणाले, हायकोर्टात हीच साक्ष आपल्या कामी येईल. जी बाई स्वतःच्या विरुद्ध खरं सांगून तुरुंगात जाते, ती पुतण्यांबद्दल खोटं का बोलेल, हे जजला विचारता येईल. सरकारकडून अपील करून घेऊ म्हणाले. खुनाचा खटला उभा राहील, तिघांवर. खात्री कुणी देत नाही, पण वाट आहे. त्या अर्जावर वस्तीतल्या सरुबाईनं आणि बाकीच्या बायकांनी सह्या केल्या आहेत. अंगठे नाहीत, सह्या.

आता तुझ्याबद्दल. तू कशासाठी येतोयस ते तारेत लिहिलं नाहीस, पण मी तुला कडेवर खेळवलं आहे. तुझ्या वळकटीत काय असेल त्याचा मला अंदाज आहे. तू त्याला मारावंस असं मला वाटतं. खरं लिहिते, रोज वाटतं. त्याचं तोंड त्याच चिखलात असावं आणि वर तुझा पाय असावा, हे मी डोळे मिटले की बघते. म्हणून तर तुला एवढे दिवस लांब ठेवलं. तुझी भीती नव्हती, माझीच होती. तू समोर असतास तर मीच तुला म्हटलं असतं, जा.

स्टेशनाबाहेर दोन एसट्या लागतात. एक परंड्याची, पुढं आपल्या गावाला जाणारी. दुसरी बार्शीवरून उस्मानाबादला जाते. माय तिथल्या जेलात आहे. भेटीला गेलास तर जाळीतनं हात लावू देत नाहीत, पण बोलता येतं. तिला तुझं बर्फाचं सांग. तिला अजून पटलेलं नाही.

कुठल्या गाडीत बसायचं ते तुझ्यावर. मी तुला शपथ घालणार नाही. फक्त एवढं लक्षात ठेव. तू गावाच्या गाडीत बसलास आणि हिंमतरावाच्या अंगाला हात लावलास, तर हे पत्र मी तुला लिहिलं होतं, तू का आलास ते मला ठाऊक होतं, हे कोर्टात पहिल्यांदा मीच सांगीन. विचारलं, पहिला हात कुणी उचलला, तर तुझं नाव घेईन. रडत घेईन, पण घेईन.

मथुराबाईची लेक,
अयोध्या