जहाजाला उसना दिलेला नातू

३ जानेवारी
आले एकदाची नातवाच्या क्वार्टरवर. शब्द माझे, अक्षर नातसुनेचं. मला अक्षर म्हणजे मुंग्यांची वरात. स्वतःची उणीदुणीही निमूट उतरवते बिचारी.

खोल्या दोन, खिडकी धावपट्टीकडे. नातू नौदलाच्या हवाई शाखेत हेलिकॉप्टर उडवतो. जेवताना त्याने शाखेचा इतिहासच वाढला. सुरुवातीला विमानं मोजकी, वैमानिकसुद्धा हवाई दलाकडून मागून आणलेले. आता प्रत्येक स्क्वॉड्रनला, म्हणजे विमानांच्या तुकडीला, नंबर, प्रत्येकीचं काम निराळं. स्क्वॉड्रन राहते किनाऱ्यावर आणि जहाजाला एकेक हेलिकॉप्टर उसनं देते, माणसांसकट. तिकडे हुकूम कप्तानाचा, इकडे कमांडरचा. मी म्हटलं, म्हणजे सासवा दोन आहेत की रे तुला. हसता हसता त्याला ठसका लागला.

९ जानेवारी
त्याला जहाजावर धाडलं. नातसून धीराची आहे, पण भाजीत मीठ दोनदा पडलं. मी मुकाट खाल्ली. हे नाही लिहिलंस तरी चालेल.

१४ जानेवारी
कमांडर स्वतः आला, टोपी काखेत धरून. हेलिकॉप्टर समुद्रात पडलं. तिघांतला एक, मागच्या सीटवरचा, जिवंत सापडला. नातू आणि त्याचा जोडीदार यांचा शोध चालू आहे. मला म्हणाला, आजी, बसून घ्या. मी बसलेलीच होते.

२१ जानेवारी
शोध थांबवला.
आज एवढंच.

२२ जानेवारी, दुपार
दार वाजू दे, उठू नकोस. आधी हे उतरव.
काल तू न्हाणीघरात होतीस, तेव्हाही तो आला होता. लपवलं मी. दार जरासं उघडलं तर — तोच. अंगावरून पाणी निथळतंय आणि खालची फरशी कोरडी. म्हणाला, मागची सीट रिकामी झालीय, तिला पाठव. मी म्हटलं, मला ने.
"आजी, तुझ्याने पट्टा बांधवणार नाही."
थट्टासुद्धा त्याचीच गं. ज्याला या हातांनी न्हाऊ घातलं, त्याच्या तोंडावर कडी लावली मी —

हो, मलाही ऐकू येतंय. तुझं नाव घेतोय. तोच आहे, खोटं कशाला सांगू, तोच आहे म्हणून तर —

थंडी वाजतेय म्हणतो? वाजू दे. लिही. माझे गुडघे धड असते तर दारात आडवी पडले असते. आता तुला अडवायला शब्दच तेवढे —

हात का थांबला?
पोरी, पेन ठेवू नकोस. त्याला समुद्राने नेलं, आता तूही कडीला हात —