सोमवारची रजा

तीर्थरूप दाजींना वाकून नमस्कार. ताई बरी असेल. तुमची तब्येतही चांगली असेल, असावीच; फक्त सोमवारपर्यंत ती फार ठणठणीत दिसू नये एवढीच इच्छा (कारण शेवटी लिहितो, आधी सगळं वाचा). फोनवरच सांगितलं असतं, पण घर लहान, आणि हिला यातलं अजून काही ठाऊक नाही.

गोदामात मालाची आवक-जावक बघता बघता माझे केस पांढरे झाले, हे तुम्ही जाणताच. हल्ली साहेब माझ्याशी एकाएकी गोड बोलू लागले. दाजी, ओरडणारा साहेब परवडला. एके दिवशी त्यांनी "चहा झाला का?" म्हणून विचारलं आणि मी "हो, हो" म्हणत खोक्यांच्या थप्पीमागे पळालो. जागा जाण्याआधी गुपचूप दुसरी बघावी असं ठरवलं. आता नोकरी थेट कुणी मागत नाही म्हणे. स्थळं आणणाऱ्यांसारखी मधली माणसं असतात.

पहिले गृहस्थ काचेच्या खोलीत बसतात. त्यांनी माझ्या तोंडाऐवजी चपलांकडे पाहिलं आणि आपण फक्त मोठ्या हुद्द्यांची माणसं उचलतो असं सांगितलं. मला उचलायची वेळ येऊ नये म्हणून मी आपणच उठलो. दुसरी एक मुलगी, ती फक्त फोनवर भेटते. "सर, तुमच्यासाठी अगदी फिट्ट जागा आहे!" एकदा ती जागा पोहण्याच्या तलावावर बुडणाऱ्यांना वाचवायची निघाली (मला विहिरीतून कोणी बाहेर काढलं होतं, ते तुम्हाला सांगायला नको). तिचा फोन नेमका कामाच्या वेळी येतो. खिसा थरथरला की मीही थरथरतो आणि खोक्यांच्या थप्पीमागे जाऊन कुजबुजतो. हमालांना वाटतं मी जप करतोय. खरं म्हणजे फोन ठेवला की तोही करतोच.

तिसरे एक वयस्कर काका. माणूस मायाळू, पण दुधाने पोळलेला. एका कंपनीने त्यांचा उमेदवार परस्पर ठेवून घेतला, तेव्हापासून मुलाखतीपर्यंत ते कंपनीला माणसाचं नाव सांगत नाहीत आणि माणसाला कंपनीचं. त्यांनी माझ्यासाठी एका नामांकित कंपनीत गोदामाचीच जागा काढली. तिथला सध्याचा माणूस म्हणे प्रामाणिक आहे, पण अलीकडे त्याचं लक्ष उडालंय, दचकत असतो, सारखा कुठेतरी दडून बसतो. मला त्याची फार कीव आली. संध्याकाळी देवापुढे बसलो तेव्हा म्हटलं, देवा, त्या बिचाऱ्याचंही भलं कर, जागा मात्र मला दे.

काल काकांनी सोमवारच्या मुलाखतीचा पत्ता कळवला. निळं फाटक, समोर टायरवाला, शेजारी वजनकाटा. दाजी, ते आमचंच गोदाम! आणि तो बिचारा म्हणजे मी!

काकांना फोन केला, तर ते खूश. म्हणाले, "अहो, मग उत्तमच की! तुम्हाला जागेची सगळी माहिती आहे. आणि त्यांना तुमची माहिती फार आवडलीय, असाच माणूस हवा म्हणतात."

आता गेलो तर साहेबांना कळणार की मी बाहेर बघतोय. न गेलो तर जागेवर दुसरा कोणी बसणार. त्यातून राहून राहून वाटतं, साहेबांनी त्या दिवशी चहाचं नुसतं सहज विचारलं असेल. मी घाबरून थप्पीमागे पळालोच नसतो, तर त्यांना दुसरा माणूस शोधावासा वाटला असता का?

धाकट्यांना आशीर्वाद.

तुमचा मेहुणा

ता. क. पत्ता कळण्याआधीच मी सोमवारची रजा मागितली होती. कारण म्हणून तुमच्या छातीत कळ आणावी लागली, क्षमा असावी. साहेब लगेच म्हणाले, "जा, जा, सोमवारी तुम्ही नसलात तर बरंच." तेव्हा मला तो त्यांचा मोठेपणा वाटला. त्यांचा फोन आलाच तर खोल आवाजात बोला, आणि ताईला मागे हसू देऊ नका.

पुन्हा ता. क. पाकीट चिकटवणार तोच साहेबांचा निरोप आला. रजा रद्द. सोमवारी कोणी नवा गृहस्थ येणार आहे, त्याला गोदाम नीट दाखवायला माझ्याशिवाय दुसरं कोण आहे, असं म्हणाले. मी सवयीने हो म्हणालो. तेव्हा तुम्ही आता बरे व्हायला हरकत नाही. सोमवारी सकाळी फाटकाशी उभा राहून मी माझीच वाट बघत असेन. त्या वेळी देवापुढे हात जोडा, येणाऱ्यासाठीही आणि जाणाऱ्यासाठीही.