दुर्बिणीला जमिनीत बघायला सांगितलं त्याची हकीगत

रेल्वे कॉलनी, आलमबाग, लखनौ
१४ मार्च १९९७

तीर्थस्वरूप नंदकुमारदादास,

सुनीतीचा वाकून नमस्कार. तुझी कंबर कशी आहे? गीतावहिनींचा खोकला थांबला का? आम्ही सगळे ठीक आहोत असं लिहायची रीत आहे. यशोधन आणि श्रुती ठीक आहेत. मी मंगळवारपासून भीतीनं अर्धी झाले आहे.

दक्षिण अमेरिकेतल्या एका डोंगरावरच्या मोठ्या दुर्बिणीवर आपल्यासारख्या देशांतल्या कॉलेजांना थोडा थोडा वेळ वाटून मिळणार, हे तुला कळवलं होतंच. (आमच्या कॉलेजचीही एक दुर्बीण आहे. तिच्यातून समोरच्या पाण्याच्या टाकीचा गंज उत्तम दिसतो.) आमच्या वाट्याला दोन तास आले. तिकडे जायचं नाही, फक्त ई-मेलनं फॉर्म पाठवायचा: तारा कुठे आहे, किती वेळ बघायचा. तिथला माणूस दुर्बीण वळवून मोजमापं पाठवणार. देविका नावाची माझी एमएस्सीची विद्यार्थिनी आणि मी चार महिने खपून ठरावीक वेळानं मंद होणारा एक तारा निवडला. लखनौहून दिसतच नाही इतका दक्षिणेला, उणे बासष्ट अंशांवर. तिचा अख्खा प्रोजेक्ट त्यावर.

मंगळवारी सकाळी (आपली सकाळ म्हणजे तिकडची रात्र, आमचे दोन तास तेव्हाच चालू होते) कुकरच्या शिट्या मोजताना मी फॉर्मची प्रत सहज पाहिली. बासष्ट होतं. उणे नव्हतं. अधिक बासष्टचा तारा त्या डोंगरावरून कधी उगवतच नाही, दादा. मी त्या दुर्बिणीला जमिनीत बघायला सांगितलं होतं.

मग मला भिंतीवर आपटलेली दुर्बीण दिसली, दिल्लीहून आलेलं चौकशीचं पत्र दिसलं, आणि आमच्यानंतर पाळी असलेले केनियातले मास्तर "ही सुनीती कोण?" असं विचारताना दिसले. यशोधनला सांगितलं. तुझा मेहुणा पडला रेल्वेचा माणूस. म्हणाला, "सिग्नल चुकला की गाडी थांबते. दर वेळी अपघात होतोच असं नाही." त्या "दर वेळी"नं मी शिट्यांचा हिशेब विसरले. श्रुतीनं पोहे खाता खाता विचारलं, "मम्मी, जेल में संडे को मिलने देते हैं?" (ती नववीत आहे. मराठीत फक्त भांडते.)

टेम्पोनं धावत कॉलेजचा संगणक कक्ष गाठला. तिथले माणिकलालजी म्हणाले, "मैडम, लाइन डेड है. चाय पीजिए." मी चार चहा प्यायले. दोन वाजता लाइन आली तेव्हा चूक कबूल करणारं सात ओळींचं पत्र पाठवलं, त्यात पाच वेळा सॉरी. तेवढ्यात देविका सरोजिनी नगरहून सायकल मारत आली. तिला सांगावंच लागलं. ती वहीचं सुटलेलं कव्हर नीट करत बसली. रागावली असती तर बरं वाटलं असतं.

बुधवारी उत्तर आलं. मला वाचवेना, म्हणून माणिकलालजींनी एकेक शब्द लावत वाचलं. ती दुर्बीण क्षितिजाखाली वळतच नाही, नुसती नकार देते. तिथल्या माणसानं ताऱ्याचं नाव बघून उणे स्वतःच घातलं आणि आमचे दोन्ही तास वापरले. पहिल्या वेळी तोही असाच उणे विसरला होता म्हणे. सोबत मोजमापं होती. देविकानं तिथेच आलेख काढला. तारा आम्ही वर्तवलेल्या वेळी मंद झाला, पुन्हा उजळला. ती रडली. मी प्राध्यापिका असल्यामुळे चष्मा पुसला.

भीती इथे संपायला हवी होती. पण पत्राच्या शेवटी दुर्बिणीचा वेळ वाटणाऱ्या समितीच्या आणखी चार ओळी होत्या. जूनमध्ये लखनौला ही दुर्बीण दुरून वापरण्याचा पाच दिवसांचा वर्ग भरवायचा, शेजारच्या देशांतले वीस प्राध्यापक येणार, आणि शिकवायचं मी. कारण स्वतःची चूक स्वतः शोधून कळवणारी व्यक्ती त्यांना हवी आहे. तेव्हापासून मला झोप नाही.

तुझी धाकटी,
सुनीती

ता. क. तू वडीलधारा आहेस. हिच्या तब्येतीला हे झेपणार नाही, असं त्यांना इंग्रजीत एक पत्र लिही. पत्ता सोबत जोडला आहे.

आणखी ता. क. ते पत्र लिहू नकोस. आत्ताच देविका येऊन गेली. "मैम, जून में मैं भी पढ़ाऊँ?" म्हणाली, आणि घाबरून मी हो म्हटलं. आता तूच जूनमध्ये ये आणि पाच दिवस शेवटच्या बाकावर बस. ताऱ्यांतलं तुला काही कळत नाही, ते चालेल. मी घाबरले की माझी नजर वर्गाच्या मागे जाते. तिथे माझं कोणीतरी हवं.