वाकडा फोर्क

अप्पा, मी मोटरसायकल विकायला काढली आहे. तुम्ही असतात तर आधी विचारलं असतंत, या वयात घेतलीस कशाला? रेसची, पोट टाकीवर टेकवून चालवायची, निळीशार. घेतली, कारण सोसायटीने बघावं असं वाटलं. सोसायटीने बघितली. मग आरे कॉलनीतल्या एका वळणावर शेणावरून घसरून मी आडवा झालो. मला खरचटण्यापलीकडे काही झालं नाही, पण गाडीचं पुढचं चाक धरणारा फोर्क किंचित वाकला. क्लच घसरतो, चेन सैल आहे, हे कुणालाही कळेल. फोर्क मात्र प्लास्टिकच्या आड लपतो. सावकाश चालवली तर गाडी शहाण्यासारखी जाते. वेग वाढला की हँडल थरथरतं आणि डावीकडे ओढ घेतं. दुरुस्तीचा खर्च ऐकल्यावर मी ठरवलं, आहे तशी विकायची आणि विचारलं तेवढंच सांगायचं.

बघायला येणाऱ्या प्रत्येकावर माझा संशय. विम्याच्या कचेरीत दाव्यांच्या टेबलावर वीस वर्षं काढल्याने माणूस खोटं बोलतोय हे मला लगेच कळतं. खरं बोलतोय हे कळत नाही, सराव नाही. एकाने फोनवरच ‘गाडीचे पेपर्स क्लिअर ना?’ असं तीनदा विचारलं, म्हणजे त्याचेच नसणार. दुसरा टायरला लाथ मारून ‘बघतो, कळवतो’ म्हणून गेला. तो चोरांचा माणूस असेल म्हणून मी त्या दिवशी दुसरं कुलूप आणलं.

गिरणी बंद पडल्यावर तुम्ही नाहूरला टाकलेलं गॅरेज आठवतं. जुनी स्कूटर विकायला उभी केलीत की तिच्या पत्र्यावर खडूने दोष लिहायचात. भाव त्याच्या खाली. एकदा, मी कॉलेजात असताना, तुम्ही चहाला गेलात आणि मी ‘मागचा ब्रेक लागत नाही’ एवढी ओळ ओल्या फडक्याने पुसली. स्कूटर अर्ध्या तासात गेली. तुम्ही मला मारलं नाहीत. भांडुपला त्या माणसाच्या घरी चालत नेलंत आणि त्याच्या बायकोसमोर ती ओळ माझ्याकडून वदवून घेतलीत. परतताना एवढंच म्हणालात, “गिराइकाक फसवशीत, पण रस्त्याक कसो फसवशीत?”

परवा रविवारी गोवंडीहून एक नवरा-बायको आले. तो तिशीचा, कुठल्याशा लॅबमध्ये कामाला. ती त्याच्याहून चलाख दिसत होती. तो गाडीभोवती एक फेरी मारतो, काही विचारत नाही. टायर दाबत नाही, भाव पाडत नाही. ती मागच्या उंच सीटवर चढून बसून बघते, पाय कुठे ठेवायचे ते शोधते. तो हसून म्हणतो, “झकास आहे. घेऊ या ना.” इतका साधा माणूस या मुंबईत कुठून आला? याला सगळं ठाऊक आहे. हा कुणा मेकॅनिकचा भाऊ असणार, पैसे देताना फोर्कचा विषय काढेल आणि चारचौघांत माझी अब्रू घेईल. म्हणून मीच सुरुवात केली. क्लच सांगितला, चेन सांगितली, आरेतलं शेण सांगितलं, शेवटी फोर्कही सांगितला. तो खरोखरच दचकला. त्याला काहीच माहीत नव्हतं, अप्पा.

ती सीटवरून उतरली. “चला ओ,” ती नवऱ्याला म्हणाली, “एवढं आपणहून सांगतायत, म्हणजे न सांगितलेलं केवढं असेल.” मग माझ्याकडे वळून, अगदी गोड आवाजात, “काका, राग मानू नका हां. पण असं कोणी सांगतं का?” फाटकापर्यंत ती मागे वळून वळून माझ्याकडेच बघत होती. गाडीकडे नाही.

तेव्हापासून मला तुमच्यावरही संशय यायला लागलाय. तुम्ही खडू हातात घ्यायचात ते सचोटीने, की गिऱ्हाईक उद्या परत येऊन ओरडेल या भीतीने? विचारायला हवं होतं. पण तुमच्यासमोर तोंड उघडायची माझी कधी छाती झाली नाही, आणि हे लिहितोय तेही तुम्ही वाचणार नाही याची खात्री आहे म्हणूनच. घरात सगळ्यांना मी सांगितलंय की अप्पांचे संस्कार, खोटं बोलवलं नाही. बायकोने तर फोन करून ते माझ्या बहिणीलाही कळवलं. खरं असं आहे की त्या माणसाने थोडी जरी घासाघीस केली असती, तर फोर्कचं मी बोललो नसतो. तिला मागे बसलेली बघूनसुद्धा.