भावजींच्या जागी माझं रक्त

मालवण,
मंगळवार

सत्यवान भावजी यांस सुशांतचा वाकून नमस्कार. तुमची कंबर कशी आहे? मस्कतला ताजे मासे मिळतात, की अजून कोंबडीवरच भागवता? (इकडे बांगडा भरपूर आलाय, पण ते सांगून तुमचा जीव कशाला जाळू.) फोन सोडून पत्र लिहितोय, कारण फोन ताईच्या हातात असतो आणि ती समोर असताना हे बोलता येत नाही.

तेजस्वीला झटके येतात हे तुम्हाला ठाऊकच आहे. आठ महिन्यांची झाली तरी मान धरत नाही. गोव्याच्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता जीन तपासायचे, बाळ, आई, वडील तिघांचं रक्त द्या. मी नववीतून पळालेला, पण बाईंनी सांगितलं ते मला असं कळलं, की बाळाचं जाळं अर्धं आईने विणलेलं असतं, अर्धं बापाने, आणि त्या विणीतला फाटका डोळा शोधायचा. आता बाप मस्कतला. सुगंधाकाकी, म्हणजे तुमच्या आईच, तुमच्याबद्दल म्हणाल्या, "झिलाक कशाक त्रास? मामा आसा मा." कान मामाच्या मांडीवर टोचले, जावळ मामाच्या मांडीवर काढलं, मग रक्तालाच मामा का चालू नये? मला ते बिनतोड वाटलं. ताई कित्येक रात्री झोपलेली नाही, तिने नुसती मान हलवली. खिडकीवरच्या माणसाने "वडील?" विचारलं, मी म्हटलं, त्यांच्या जागी मीच. त्याने घाईत वडील लिहून टाकलं. (सुई टोचल्यावर मला घेरी आली, म्हणून चहाला बाहेर पडलो, तिथे कारवारचा एक ट्रकवाला भेटला, माणूस फार गमतीचा, त्याच्यासोबत काणकोणपर्यंत जाऊन आलो. ताई बाळाला घेऊन बाकड्यावरच बसली होती. ते असो.)

रिपोर्ट आला त्या दिवशी बाईंनी नर्सला बाहेर पाठवलं, दार लोटलं आणि ताईला अगदी हळू विचारलं, की तुमचं दोघांचं रक्त इतकं जुळतंय, हे गृहस्थ तुमचे लग्नाआधीपासून कोणी लागतात का. ताई सरळ म्हणाली, "भाव माझो."

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग मला जावळापासून सगळं सांगावं लागलं. त्या हसल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, "मामा लाडाला ठेवा. मला तिचे वडील हवेत."

तर भावजी, तेजस्वीच्या जाळ्यात दोन डोळे फाटलेले सापडलेत. एक ताईकडून आलाय. दुसरा तुमच्याकडून आला असेल, तर रोग कुठला ते नक्की होतं, आणि त्या रोगाला औषध आहे. गेलेलं परत येत नाही, पुढचं थांबतं. पण खात्री झाल्याशिवाय ते सुरू करत नाहीत. काकी म्हणतात, आमच्या घराण्यात असलं काही नाही, झिलाक कळवू नको. बाई म्हणतात, यात कुणाचाच दोष नसतो, धडधाकट माणसांतही असे डोळे फाटलेले असतात. मधल्या मधे माझ्या रक्तापायी अख्खा श्रावण-भाद्रपद वाया गेला. तेवढ्यात ती हसायची थांबली.

मी परवा खारेपाटणला एका बोटवाल्याकडे काम बघायला निघालो होतो. अर्ध्या वाटेतून परत आलो. कुठे जावंसंच वाटत नाही.

तुमचा मेव्हणा,
सुशांत

ता. क. बांद्याचा मुख्तार मस्कतला परतताना या पत्राबरोबर एक प्लास्टिकची नळी आणतोय. रक्त नको, थुंकी पुरते. आधी अर्धा तास काही न खाता-पिता तिच्यात थुंका आणि हॉस्पिटलच्या पत्त्यावर पाठवा. ड्युटीवर असलात तर खोलीवरच्या जोडीदाराला थुंकायला लावू नका.

ता. क. काकींना यातलं काही बोलू नका.

ता. क. ताईने मला पत्रात एकच गोष्ट लिहायला सांगितली होती, "तेंका लिही, चेडू बरा आसा." पोर बरी आहे हे वर कुठेही लिहिलेलं नाही. विसरलो नाही.